उतार

माझा बाप, भरमू सुतार, पावसाचं माप पाख्यावरून सांगायचा.
कणकुंबीत हातभर आडवं, हातभर उभं.
जांबोटीला येईतो पाऊण हात.
खानापुरात अर्धा.
बेळगावात आता सगळ्यांना स्लॅबच पाहिजे, तिथलं सोडा.
"आणि मुनवळ्ळीला?" मी लहानपणी विचारलेलं.
ओळंबा गुंडाळत तो म्हणाला,
"तिथं वारा रिकाम्या हातानं येतोय. तिथं सपाट."

गोव्याकडून निघतो तेव्हा वारा गाभण म्हशीसारखा जड असतो.
चोर्ल्याच्या चढाला धापा टाकतो.
वर जाईल तसा गारठतो,
आणि गारठलेल्या हातात ओझं राहत नाही,
पहाटेच्या दवात आढ्यावर बसून रिपा धरताना
हे मला बोटांनी सांगितलंय.
मग तो सोडतो. दिवसच्या दिवस सोडत राहतो.
कणकुंबीत मीठ मडक्यात पाझरतं,
पश्चिमेच्या भिंतीला गवताची झापं बांधावी लागतात,
वहाणेवर पांढरी लव उगवते,
आणि तरण्या-म्हाताऱ्या पावसात कुणी गेलंच तर, म्हणून
गेल्या साली तोडलेलं लाकूड
माळ्यावर राखून ठेवतात. कुणासाठी, ते बोलत नाहीत.

माथा ओलांडला की वारा उतरतो.
उतरताना तापतो.
तापलेला वारा देत नाही, मागतो:
दांडीवरच्या लुगड्यातलं, म्हशीच्या पाठीवरचं,
बोलता बोलता ओठांवरचं.

अक्का तिकडं दिलेली. सुतारांची पोर बडिगेरांच्या घरी,
वाकस एकच, भाषा दोन.
वाऱ्याला तिकडं गाळी म्हणतात.
बरोबरच आहे, मी मनात म्हटलं,
डोंगरानं गाळून घेतल्यावर जे उरतं ते.

तिचा निरोप आला होता : माझ्या घरावर आपल्यासारखं पाखं घाल.
आषाढात मी टेम्पोत तीनशे कौलं घेऊन गेलो.
घराभोवती फिरलो, माळवदावर चढलो, दोरी ताणली.
पांढऱ्या मातीवर मिरच्या, एका कोपऱ्यात सांडगे,
साण्याशेजारी उन्हाळ्यापासून न उचललेली वाकळ.
नीलव्वा, तिची सासू, खाली उभी राहून
दोरीकडं बघत होती. आभाळाकडं बघितलं.
"मळे एल्ली?" म्हणाली. पाऊस कुठाय?
तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

रात्री आम्ही सगळी त्याच माळवदावर झोपलो.
वर ढग चाललेले, पूर्वेकडं, भराभर,
बस चुकेल अशा घाईनं.
अक्का हळूच म्हणाली,
"मिरच्या कुठं वाळवू रे मी उतारावर?
माझं चुकलंच. मला नुसता आवाज पाहिजे होता.
इथं पडतो तेव्हाबी माती आवाज करत नाही."
मी काही बोललो नाही.
तीनशे कौलं अंगणात रचलेली होती.

सकाळी तिनं तांब्या दिला. नदीचं पाणी,
जरा गढूळ, तुरटी फिरवलेलं.
अर्धा प्यालो आणि थांबलो.
मलप्रभा आमच्या कणकुंबीची.
म्हणजे हे पाणी बापानं घातलेल्या कुठल्या तरी पाख्यावरून
पन्हाळीत, पन्हाळीतून ओहोळात उतरलेलं असणार.
वाऱ्यानं जे इथवर उचलून आणलं नाही
ते चिखल तुडवत, वळणं घेत, पायी आलेलं.
"काय बघालास?" अक्का म्हणाली. "गाळून घेतलंय."

कौलं परत टेम्पोत भरली. एक तिनं ठेवून घेतलं,
उलटं करून, चिमण्यांना पाणी ठेवायला.
दोन दिवस टिकलं. मग वासरानं फोडलं, फोनवर सांगत होती.

परतताना वारा समोरून.
बेळगावपर्यंत धूळ, पुढं नुसता गारवा.
खानापूरच्या अलीकडं टेम्पो थांबवून मागं बघितलं तर
वरच्या थरातली कौलं काळपट झालेली,
खालची अजून तिकडचीच होती, कोरडी.