शुक्रवारी, ओहोटी लागल्यावर

प्रभू, आजही मी निघाले तेव्हा
मनात तुझं नाव नव्हतं.
चुलीत ओलं लाकूड, डोळ्यांत धूर,
आणि मिल्काओ एका अंगानं करपलेला.
बटाट्याची ही भाकर माझ्या आईला साधायची, मला नाही.
करपलेली बाजू खाली घातली, फडक्यात बांधली.
तुला दिसलं असेलच.

चिलोए बेटाच्या या टोकाला
पाद्री वर्षातून दोनदा येतो, होडीनं,
दर्या बरा असला तर.
एरवी प्रार्थना ओनोफ्रे सांगतो, आमचा फिस्काल.
बोलताना अडतो तो, 'कृपा' शब्दाशी तर हमखास.
मग आम्ही सगळे त्या शब्दाच्या दारात
पावसात उभं राहिल्यासारखे थांबतो,
आणि तो शब्द येतो. उशिरा, पण येतो.

त्यानंच वाचलं होतं, वैऱ्यावर प्रीती करा.
मी ऐकलं
आणि बाकावर बसून बटाट्यांची पोती मोजली.
बावीस. दोन किडकी.

क्लोतिल्देनं आमच्या खाडीपलीकडच्या शेताचं कुंपण
एका रात्रीत तीन हात आत सरकवलं, ते एक.
आणि माझा नवरा बुडाला तेव्हा
देवळाच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणाली,
"पोहता येत नव्हतं तर गेला कशाला?"
ते दुसरं.
कुंपणाचं कदाचित विसरले असते.

सहा हिवाळे झाले, ती अंथरुणावर आहे.
पुतण्या पुएर्तो मोंतहून पैसे पाठवतो, येत नाही.
मला तिच्याबद्दल प्रेम वाटत नाही.
पहिल्या हिवाळ्यात वाटलं नाही, आज वाटत नाही.
वाटेल म्हणून थांबले असते
तर तिला पुरून पाच वर्षं झाली असती.
मन माझं ऐकत नाही, प्रभू.
पाय ऐकतात.
म्हणून मी पायांना सांगितलं.

उजवा गुडघा कुरकुरतो, तरी जातो.
गाळात बूट रुततो, तो दोन हातांनी उपसायचा,
शेवाळावरून घसरायचं नाही,
पाणी परत फिरायच्या आत यायचं.
तिथं भांडं रिकामं करायचं, केस विंचरायचे,
मीठ कमी आहे हे ऐकून घ्यायचं.
याला कुणी सेवा म्हटलं तर मला हसू येतं.
मी दात ओठ खाऊन विंचरते,
फक्त केस ओढत नाही.
एवढंच जमतं.

एकदा अर्ध्या वाटेवरून मागं फिरले होते.
तो शुक्रवार मी विसरलेली नाही, तूही नसशील.
त्या रात्री चूल छान पेटली
आणि घास उतरला नाही.

आज ती म्हणाली,
"तू नेहमी तोंड वाकडं करून येतेस."
मी फणी धुवत राहिले.
"बाकीच्या हसत आल्या होत्या," ती म्हणाली,
"एकेकदा."
मग मिल्काओ उलटा केला
आणि करपलेली बाजूच आधी तोडली.
तिला म्हणे तीच आवडते.
सहा वर्षांत बोलली नव्हती बया.

परतताना कुंपण दिसलं.
अजून तिथंच, तीन हात आत.
चीड आली, रोजची, ओळखीची,
दारातलं कुत्रं अंगावर येतं तशी.
तिला हाकललं नाही, गोंजारलंही नाही.

फडकं खिशात कोंबलं.
गाळात माझीच जातानाची पावलं होती,
पाण्यानं भरलेली, थोडी वाकडी.
त्यांच्यातच पाय टाकत आले.

पुढच्या शुक्रवारी ओहोटी अंधारात आहे.
कंदिलाची वात आजच कापून ठेवते.