हाडाची जागा

बंद खाणीच्या उतारावर, काब्वेत,
चूल्वेच्या अंगणात आम्ही मासळीचे काटे पेरले.
बाजारातल्या बायकांनी तीन महिने साठवलेले:
काफुए नदीतल्या ब्रीमचे कणे, कपेंटाची डोकी,
भाजून, उखळात कुटून, पीठ करून.
बेसिनाटीनं घाम पुसत विचारलं, यातून उगवणार काय?
काहीच नाही, मी म्हणाले.
काही वर येऊ नये म्हणूनच पेरतोय.

मग तिला कळावं म्हणून धुळीत बाटल्यांची बुचं मांडली.
ही तीन. त्यांच्यावर उलटी तीन. पुन्हा तीन.
मधे पोकळ, आरपार,
षटकोनी विहीर जशी,
आणि काठावर ओणवं बसलेलं कॅल्शियम.
हे हाड, म्हटलं. तुझंही, ब्रीमचंही.
एकाच नकाशावर बांधलेली घरं.

आता शिसं येतं.
भार तोच, दोन; दारावरचा पहारेकरी तेवढाच मोजतो.
अंगानं जरासं थोराड,
कॅल्शियमचा सदरा काखेत उसवत
ते विहिरीच्या काठावर येऊन टेकतं
आणि उठत नाही.
सोबत आणतं दोन इलेक्ट्रॉन,
जे कुणाशी हात मिळवत नाहीत,
एका कुशीला फुगून बसतात,
शेजारचे ऑक्सिजन मुकाट दुसऱ्या बाजूला सरकतात.
पुस्तकात त्यांना निष्क्रिय जोडी म्हणतात.
निष्क्रिय!
न कमावता, न बोलता
सगळ्या घराला भिंतीशी ढकलणाऱ्याला तुमच्यात काय म्हणतात?
माझा दीर, बेसिनाटी म्हणाली.
फावडी टाकून बायका हसल्या.
चूल्वेही हसली, जरा उशिरा.

तिचा चिमुका पाच वर्षांचा.
चिमुका म्हणजे उशिरा आलेला.
प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीनं आवळून केलेला चेंडू
तो डाव्या पायानं असा वळवतो
की आळीतले सगळे म्हणतात, हाडाचा खेळाडू आहे.
मी तो शब्द ऐकते आणि मान खाली घालते.
दवाखान्याच्या कागदावर बावन्न लिहिलंय.
रक्तातलं शिसं महिन्या-दीड महिन्यात निम्मं होतं,
तेही नवी धूळ पोटात गेली नाही तर.
हाडातलं वीस-वीस वर्षं बिऱ्हाड हलवत नाही.

ज्या गफलतीनं ते मुलात शिरलं
तीच गफलत आम्ही जमिनीत मुद्दाम मांडली.
ये, म्हटलं, इथेही हाड आहे,
इथेही तुझ्या मापाची जागा आहे.
फॉस्फेटच्या मुठीत बस, विहिरीत क्लोरीन ठेवू,
एक हिरवट, हट्टी स्फटिक हो,
पोटातल्या आम्लालाही सहजी न सुटणारी गाठ.

पहिल्या रात्री आळीतली सगळी मांजरं आली.
अर्धं अंगण उकरून गेली.
सकाळी पुन्हा फावडी, वर एक वीत स्वच्छ माती,
आणि बेसिनाटीच्या शिव्या, त्या वेगळ्या.

आठ महिन्यांनी चिमूटभर धूळ लुसाकाला नेली,
क्ष-किरणांच्या यंत्रात रात्रभर ठेवली.
बत्तीस अंशांच्या अलीकडे माशांच्या हाडाचा बुटका, पसरट डोंगर.
आणि तिसाजवळ, जिथे पूर्वी नुसती खरखर होती,
एक टोक.
मांजराच्या कानाएवढं.
मी कागद तिरका धरला, सरळ धरला.
होतं.

चूल्वेनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला.
बोट त्या टोकावर ठेवलं. विचारलं,
म्हणजे मातीतलं बसलं?
बसतंय, मी म्हणाले. थोडं थोडं.
आणि ह्याच्यातलं?

अंगणात चिमुका पडला, उठला,
गुडघ्याची धूळ बोटानं पुसली
आणि बोट तोंडात घातलं.
चूल्वे ओरडायला म्हणून उभी राहिली,
थांबली,
माझ्याकडे बघत राहिली.