डब्यावरचं नाव

चैत्र लागला की लक्ष्मीपुरीच्या मागच्या बोळात
माझं कांडप पहाटे पाचला ठोके धरतं.
ब्याडगी, जवारी, संकेश्वरी,
उन्हात कडक झालेली, तेलाचा हात लावून भाजलेली,
डब्यातून येते, घमेल्यातून येते,
एकदा तर पोराच्या जुन्या दप्तरातून आली.
पहिलं काम खडूचं.
चौगले, उत्तरेश्वर पेठ.
सरनोबत, पाच किलो, लसूण जास्त.
नाव चुकलं की चटणी दुसऱ्याच्या घरी जाते
आणि भांडण माझ्या दारात.

तेजल, माझी भाची, टोकन देता देता
इतिहासाचा पेपर पाठ करते.
मोठ्यानं वाचते, कारण मुसळांच्या दणक्यात
हळू वाचलेलं स्वतःलाही ऐकू येत नाही.

"आत्ती, तो निघालेला आपली मिरी शोधायला.
काळी मिरी. लागला भलत्याच किनाऱ्याला."
मग?
"मग तिथल्या माणसांना म्हणाला, तुम्ही इंडियन.
आणि तिथल्या मिरचीला म्हणाला, ही मिरी."
चुकीचा खडू, मी म्हटलं.
"खडू कुठला, शाई होती," ती म्हणाली.
पान उलटलं.

दर तीन महिन्यांनी घुंगूरभर सोनं
माणशी आणून द्यायचं.
नदीत नव्हतंच तेवढं.
मी गुजरीतला तो इवला तराजू आठवला,
फुंकर मारली तरी हलणारा,
आणि चाळणी आपटली जरा जोरातच.

"तलवारीनं गेली त्याहून जास्त रोगानं गेली.
गावंच्या गावं. पुरायला माणूस उरला नाही.
जहाजातून देवी आल्या होत्या."

देवी.
आमच्या गावात हा शब्द निघाला
की हात महाद्वाराकडे वळून जोडले जातात.
माझेही जुळले, मधेच थांबले.
मुसळाखाली माल सारखा करणाऱ्या बाबालाल मुल्लानं
गालावरून हात फिरवला, लाल हात,
त्या खळग्यांवरून, त्या मिटलेल्या डोळ्यावरून.
"माझ्या दोन भणी त्याच साली," म्हणाला.
पुढं काही नाही.
मुसळं मात्र पडत राहिली, त्यांना काय.

दुपारी मशीन बंद.
तेजलच्या डब्यात बटाट्याची भाजी.
बटाटा हा त्यांचा शब्द, ती सांगते, बेटावरच्यांचा.
तंबाखूही त्यांचाच असावा म्हणतात.
बाबालाल चुना मळता मळता थबकला.
जे लोक संपले म्हणून पुस्तकात छापलंय
त्यांचा शब्द त्यानं चिमटीत धरला
आणि ओठाखाली ठेवला, रोजच्यासारखा.

खरंच संपले?
"पुस्तकात तसंच आहे. पण हे बघ."
मोबाईलवर तिकडच्या डोंगरातली एक बाई,
तीन पायांच्या दगडावर मिरची वाटतेय.
पाटाच की हा! फक्त उतरता.
खांद्यातून जोर लावते, मनगटातून नाही.
तिलाही ठसका लागला,
तशीच डोळे दंडाला पुसून हसली
आणि काहीतरी बोलली.
खाली अक्षरं आली ती स्पॅनिशमध्ये.
काय म्हणाली गं?
"तिचं स्वतःचं बोलणं लिहिलेलंच नाही."
पुन्हा लाव, मी म्हटलं.
चारदा लावलं. चारदा तिथंच ठसका, तिथंच हसू.

कोपऱ्यात एक डबा आहे,
महापुराच्या वर्षीचा.
पाणी उतरलं तेव्हा नाव वाहून गेलं होतं.
आतली चटणी गटारीत ओतली,
डबा घासून ठेवलाय.
कुणी येईल विचारत.
भंगारवाला दोनदा मागून गेला.

चारला गर्दी सुरू झाली.
एक नवीन बाई, कपाळावर घाम, हातात सव्वातीन किलो.
मी खडू उचलला. नाव काय लिहू?
"लिवा काय बी, वळकंन मी."
न्हाई, मी म्हटलं.
मागं रांग ओरडत होती, तेजल टोकन मोजत होती.
न्हाई बाई. तुम्ही सांगा.