उभं राहण्याजोगं पाणी

भाचा गोवर्धन तीन हंगाम कोकणात काढून आला
तेव्हा टेम्पोच्या टपाला बांधून एक फळी घेऊन आला.
घरकुलाच्या दारातून ती आत जाईना.
पोरं म्हणाली, इस्त्रीचं टेबल.
मी म्हणाले, तिरडीला बरी.
तो म्हणाला, अत्ता, हिच्यावर उभं राहायचं असतं.

उभं राहायचं!
तीस वर्षं मी बसलेली बाई.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
पान कापा, भरा, वळा, दोरा गुंडाळा,
हजार झाल्याशिवाय उठणं नाही.
आणि उठलं की गुडघे
कुणा दुसरीकडून उसने आणल्यासारखे.

त्याने वही काढली. पोहता येतं?
येतं. विहिरीत, पाठीला डबा बांधून, नवव्या वर्षी.
तोल?
टँकरपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत दोन घागरी, मी म्हणाले, लिही.
त्याने लिहिलं : राजमणी, बावन्न, नवशिकी.

सिद्धेश्वरचं तळं नको, तिथे माणसं बघतात.
(हेही त्याच्या वहीत होतं, मला आवडलं.)
कंबर तलावात जलपर्णी, वल्हं गुंततं.
तर हिप्परगा. सकाळी सहा ते आठ,
बांधाकडे नाही, उथळ अंगाला,
पण फार उथळही नाही,
फळीच्या पोटाखालचा पंख चिखलात रुततो
आणि बुडालेल्या बाभळींची खोडं
दिसायच्या आधी लागतात.

पहिल्या दिवशी चौदा वेळा पडले.
जाळं सोडत बसलेला शिवप्पा भोई
दर वेळी मान वळवायचा, सभ्य माणूस.
साडी नको म्हणाला होता गोवर्धन.
मी त्याची जुनी पँट घातली, वर ब्लाऊज,
आणि अकराव्या दिवशी
गुडघ्यांवरून एक पाय, मग दुसरा.
चमचे पक्षी चिखल गाळत होते.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
पाण्यावर माझी सावली
पहिल्यांदाच लांब पडली.

उजनी दीड महिन्यानं. केत्तूरच्या काठाला.
पलीकडचा काठ दिसतो, हाक पोचत नाही.
दहाच्या आत परतायचं, दहानंतर वारा.
वारा घड्याळ कुठे बघतो?
पाऊण वाजता, म्हणजे पाऊण तास आधीच, सव्वा नऊला आला,
पाणी खवल्यांसारखं उभं राहिलं.
खाली कुणाचं तरी बुडालेलं गाव,
वर मी.
गोवर्धन ओरडला, गुडघ्यांवर! गुडघ्यांवर!
मी गुडघ्यांवर नाही गेले.
मांडी घातली.
झोपेतसुद्धा घालता येते ती मांडी,
पाठ सरळ, पोट खाली, हात मोकळे.
फळी सुपासारखी माझ्याशी जुळून राहिली.
वल्हं एका अंगाला, दुसऱ्या अंगाला,
दोरा गुंडाळावा तसं.
काठाला लागले तेव्हा मागे पाहिलं,
तो तीन हंगामवाला
दुसऱ्यांदा पाण्यात पडलेला.

संध्याकाळी त्याने मोबाईलवर कोकण दाखवलं.
अर्धगोल किनारा, समुद्र आत शिरून बसलेला.
ही खडकाची कड, तिच्या आत शिकाऊ.
मधे, जिथे रंग बदलतो, तिथे बरे.
टोकाच्या पलीकडे लाट तुटते,
तिथे मीसुद्धा भरतीचं वेळापत्रक बघून जातो.
वेळापत्रक कसलं?
पाणी येतं-जातं त्याचं. दिवसातून दोनदा.
दोनदा!
आमच्या नळाला पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री दोनला.

तो म्हणाला, तू आता मधल्या पाण्याची, अत्ता.
मी म्हणाले, ते तिथे गेल्यावर बघू,
आधी मला काठावर बसव, जातं कसं ते कळू दे.
जाणारं पाणी आम्ही खूप पाहिलंय.
परत येणारं पाहायचंय.

त्याने वहीतलं 'नवशिकी' खोडलं,
पेन धरून थांबला, पुढे काही सुचेना.
मी उठले.
उद्याच्या हजारासाठी
पानं भिजत घालायची राहिली होती.