तो, ती, ते

नाव जनक नेपाली, जिल्हा अछाम.
गावी हे आडनाव ऐकलं की लोक
पाण्याचा हंडा आत घेतात.
इथे हसतात : नेपाळी तर दिसतोसच, आडनाव सांग.
मग तेही लागेनासं झालं. बागेत शिरलं की सगळेच बहादूर.
खाडीवरचा बहादूर, सड्यावरचा बहादूर,
आणि मी, पुजाऱ्यांचा.

दिवाळी झाली की येतो.
कणकवलीहून एसटी, मग चिऱ्याच्या गडग्याला टेकलेली खोपी.
पहिल्या वर्षी समुद्र बघितला तेव्हा वाटलं,
एवढं सपाट कोणी नांगरलं,
आणि मग काहीच का नाही पेरलं?

भाषा कलमांखाली शिकलो.
आंबा तो. चिंच ती. केळं ते.
आमच्याकडे वस्तूंचे एवढे नखरे नसतात.
दोन हंगाम मी ओरडत होतो, माकड आला, माकड आली,
मालक पोट धरून हसायचे.
माकडं कसंही म्हटलं तरी यायची.

बघतो ते सांगतो, रागावू नका.
वाडीत एकवीस घरं, चौदांना कुलूप.
गणपतीत म्हणे सगळी उघडतात.
तेव्हा मी माझं उघडत असतो.
एका कलमाखालचा आंबा कोणीच वेचत नाही,
सातबाऱ्यावर बत्तीस नावं आहेत.
फळ पडतं, कुजतं.
दोन भाऊ एकमेकांच्या अंगणाकडे पाठ करून दात घासतात.
बायकोला फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
ह्यात परदेश कुठे आला?

मालकीण महिन्याचे चार दिवस पडवीत,
वेगळं ताट, वेगळी चटई.
एकदा मला बघून ओशाळली.
म्हटलं, वहिनी, आमच्याकडे गोठ्याशेजारी खोपट असतं.
थंडीत आत शेकोटी करतात, धूर कोंडतो.
बायका सकाळी उठत नाहीत.
ती काही बोलली नाही.
संध्याकाळी चहा पडवीतूनच दिला, हात लांब करून.
मी आडनाव गिळलं आणि घेतला.

भिकाजी जोईल चैत्रात गेला.
रात्री तो होता. बिडी मागितली,
"खयचो रे तू?" विचारलं, सहाव्या वर्षीही.
सकाळी ते झालं.
सत्तरीच्या आतले पुरुष मोजले : तीन.
त्यातल्या एकाचा गुडघा बदललेला.
मुलगा मस्कतहून निघतो म्हणाला,
तासाभराने म्हणाला, थांबू नका.
मी झाडावर होतो, झेल्यात सात आंबे.
खालून हाक आली :
बहादूर, खाली ये. खांदो दी.

पुढे डावीकडे मी, मागे खाडीवरचा.
बांबूला माझ्या हातांचा चीक लागला.
मी बुटका, म्हणून सगळं ओझं माझ्याकडे कललेलं.
तिरडी ती. मढं ते.
खांद्याला मात्र जाणवत होता तो.
कोणी जात विचारली नाही.
मीही आपणहून सांगितली नाही.
ह्याला काय म्हणतात, तुमच्या भाषेत शब्द असेल.

माझा बाप पौषात गेला, दोन वर्षं झाली.
मी इथे डबा बडवत होतो.
खांदे कोणाचे होते, विचारायचं राहिलं.

तेराव्यानंतर मुलगा बागेत आला.
हातात दोन हजार. किती द्यायचे असतात त्याला माहीत नव्हतं,
घ्यायचे असतात का, ते मला.
नोटा गडग्यावर ठेवल्या, वर एक चिरा.
बसलो दोघं.
मी विचारलं, तिकडे तुला काय म्हणून हाक मारतात?
म्हणाला, हिंदी.
आणि आडनाव?
तो समुद्राकडे बघत राहिला.

सड्याच्या अंगाला फांदी हलली.
माकड आला. आली.
आलं.
मी गलोल उचलली.