बासष्ट टक्के

मुरगाबला वीज रात्री नवाला जाते.
पूर्वी फाईल तुटली की पुन्हा शून्यापासून,
पगारातले सोमोनी पामीरच्या वाऱ्यावर.
आता ऐचुरोकच्या लॅपटॉपात
एक डाऊनलोड मॅनेजर आहे,
मुका, जुन्या कारकुनाच्या वळणाचा.
तुकडे पाडतो, तुटलं तिथे खूण घालतो,
वीज आली की खुणेपासून पुढे.

ओशच्या दवाखान्याचा व्हिडिओ उतरतोय,
पक्षाघातानंतर बोलायला शिकवणारा.
चौथी रात्र. बासष्ट टक्के.

काल जेवताना बाप म्हणाला, "चहात..."
आणि तिथेच राहिला.
तिने शब्द पुरवला नाही.
दिवा विझला.

सकाळी याकच्या शेण्या चुलीत सारताना
पाठीमागून, सावकाश:
"मीठ विसरलीस."