मागच्या दाराच्या किल्ल्या

ये, बस. खुर्चीचा डावा पाय लंगडा आहे,
खाली जुन्या कार्यक्रमपत्रकाची घडी आहे, ती काढू नकोस.
ही हुकांची फळी. अठ्ठ्याहत्तर किल्ल्या.
नावं लिहिलेली नाहीत; लिहिली असती
तर मी कुणालाच ओळखलं नसतं.

इथून मंच दिसत नाही, हे आधीच सांगतो.
तुर्कूत एकतीस वर्षं काढली, एकही मैफल पाहिली नाही.
मध्ये तीन भिंती, एक जिना,
बाहेर आउरा नदी, डिसेंबरपासून गप्प.
जे येतं ते कॉफीसारखं गाळून येतं,
चोथा तिकडे, अर्क इकडे.

सोपं आधी. पिकोलो.
हरवलेली टाचणी पायात घुसली की सापडते, तशी.
ट्रम्पेट सरळ आत शिरतं, दारावर टकटक न करता.
हॉर्नही पितळच, पण वळसा घालून येतं,
कारण वाजवणारा उजवा हात त्याच्या तोंडात घालून बसतो.
हाक मारायची आणि तोंडावर हात धरायचा.
रानापलीकडून कुणी बोलावतंय असं वाटलं
तर खुशाल म्हण, हॉर्न.

व्हायोलिनवाले मानेवरून ओळख:
डाव्या जबड्याखाली डाग,
नव्या सासूचा गैरसमज व्हावा असा.
व्हायोलावाल्यांनाही तोच डाग. आवाज मात्र
शोधायला गेलास तर मिळणार नाही.
माझी आई गोड पावाच्या पिठात वेलची घालायची.
एकदा विसरली.
आम्ही पाचही जणांनी घास खाली ठेवला
आणि एकमेकांकडे पाहिलं.
तो व्हायोला.

चेलो कानानं ऐकू नकोस. पाठ टेकव भिंतीला.
बरगड्यांत उतरतं ते चेलो,
त्याच्याही खाली, बुटांच्या तळव्यांत, डबल बास.
(ऑस्मोचा बास लिफ्टमध्ये मावत नाही.
ऑस्मो मावतो, पण तोही जिन्यानंच जातो.)

बासून म्हणजे तापातून उठलेला काका,
घसा खाकरून खोचक काहीतरी सांगणारा.
क्लॅरिनेट सुरू कधी झाली हे सांगता आलं
तर ती क्लॅरिनेट नव्हे.
आल्लीची टिंपनी गरजली की शेंबडं पोरही ओळखेल;
तू तिचं न वाजवणं ओळख.
ती नव्वद मात्रा मोजत असते
तेव्हा जिन्यातली शांतता पाठ ताठ करून बसते.

ओबो मुद्दाम मागे ठेवला.
खरं तर तो सगळ्यांच्या आधी.
सातच्या ठोक्याला एक सूर, न हलणारा,
नळाखाली धरावीत तशी बाकीचे
आपापली भांडी त्याच्याखाली धरतात.
चौदा नंबर. इर्या.
खिशात चाकू, बाहीवर वेताचा भुसा,
दातांत रीड, म्हणून तिचं 'शुभ संध्याकाळ'
बावीस वर्षं अर्धंच ऐकलं मी.

एका फेब्रुवारीत सात वाजता सूर आला.
बरोबर होता. यंत्रानं मोजला असता
तरी केसभर इकडेतिकडे निघाला नसता.
मी फळीकडे पाहिलं.
चौदा नंबरची किल्ली हुकावरच.

मला कुणी काही बोललं नव्हतं.
कागद दुसऱ्या दिवशी लागला फलकावर.

हल्ली ती किल्ली वेन्ला नावाच्या पोरीकडे असते.
चांगली आहे. तिचा सूर जरा उशिरा उजळतो,
आधी काच पुसून घ्यावी तसा.
ओळखायला मला दोन हिवाळे लागले.
तू घाई करू नकोस.

आणखी एक. हा रेडिएटर रात्री ठोके देतो.
पहिले काही महिने तू त्यालाच टिंपनी समजशील.
मीही समजलो होतो.
या घे किल्ल्या. गार आहेत,
आधी हातमोजे घाल.